चालती गाडी रडारच्या चित्रात का हरवते आणि ती कशी शोधायची: मुंबईच्या नकाशावरचा पहिला सराव

विमानातून जमिनीचे चित्र काढणारे रडार एका गृहीतावर चालते: खाली जे आहे ते सगळे स्थिर आहे. विमान पुढे सरकताना रडार सेकंदाला शेकडो पल्स सोडते, प्रत्येक प्रतिध्वनी फेजसकट, म्हणजे लहर आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्या नोंदीसकट, साठवते आणि दोन-तीन सेकंदांचे प्रतिध्वनी एकत्र गुंफून शेकडो मीटर लांबीच्या अँटेनाचे काम करून घेते. या गणितात प्रत्येक वस्तूची उड्डाणाच्या दिशेतली जागा तिच्या डॉपलरवरून, म्हणजे हालचालीमुळे प्रतिध्वनीच्या वारंवारितेत पडणाऱ्या फरकावरून, ठरते. वस्तू स्वतःच हलत असेल तर तिच्या डॉपलरमध्ये तिचा वेगही मिसळतो, आणि रडार तो वेग जागा समजून मांडते. गाडी रस्ता सोडून शेजारच्या इमारतीवर किंवा खाडीत दिसते, पुसट होते किंवा चित्रातून गायब होते. आर. कीथ रेनी यांनी १९७१ मध्ये हे परिणाम गणिताने मांडले, आणि या विषयातला नवखा आजही तिथूनच सुरुवात करतो.

जागा आणि वेग यांची ही सरमिसळ सोडवणे हेच जीएमटीआयचे, म्हणजे जमिनीवरचे चालते लक्ष्य शोधण्याच्या तंत्राचे, खरे काम. एका चॅनेलला, म्हणजे प्रतिध्वनी घेणाऱ्या एकाच मार्गाला, ते पूर्णपणे जमत नाही. दुसरा चॅनेल लागतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका मुद्द्याभोवती आहेत. त्यासाठी लॅपटॉप, पायथन, नमपाय आणि फूरिये रूपांतराची ओळख पुरते. रडार विकत घ्यायची गरज नाही आणि सुरुवातीला घेऊही नये.

पहिली पायरी: कोड लिहिण्याआधी कागदावर आकडे

आम्ही सरावासाठी हा संच सुचवतो. आकडे मुद्दाम सोपे ठेवले आहेत, म्हणजे हाताने तपासता येतात.

विमानाचा वेग: सेकंदाला १०० मीटर
उंची: ३ किलोमीटर
लक्ष्यापर्यंतचे तिरके अंतर: १० किलोमीटर
तरंगलांबी: ३ सेंटिमीटर, म्हणजे एक्स-बँड, सुमारे १० गिगाहर्ट्झ
बँडविड्थ: १५० मेगाहर्ट्झ, म्हणजे रेंजमध्ये (रडारपासूनच्या अंतरात) १ मीटरचा बारकावा
अँटेनाची लांबी: १ मीटर, पल्स पूर्ण अँटेनातून जाते, प्रतिध्वनी पुढच्या आणि मागच्या अर्ध्या भागावर वेगवेगळे घेतले जातात
पीआरएफ (पल्स सोडण्याचा दर): सेकंदाला १२०० पल्स

आता यातून काय निघते ते पाहा. अँटेनाचा झोत सुमारे ०.०३ रेडियन रुंद, म्हणजे १० किलोमीटरवर ३०० मीटरचा पट्टा. विमान तो ३ सेकंदांत ओलांडते. या झोतातल्या स्थिर जमिनीचा, म्हणजे क्लटरचा, डॉपलर साधारण २०० हर्ट्झ रुंद पसरतो: मध्यापासून १०० हर्ट्झ इकडे, १०० तिकडे. सेकंदाला १ मीटर त्रिज्य वेगाने ६७ हर्ट्झ डॉपलर मिळतो. त्रिज्य म्हणजे थेट रडारच्या दिशेने येणारा किंवा दूर जाणारा. म्हणून सेकंदाला दीड मीटरपेक्षा कमी त्रिज्य वेग असलेले सगळे क्लटरच्या पट्ट्यात बुडालेले असते. चालणारा माणूस त्यात, सिग्नलवरून नुकतीच सुटलेली बसही त्यात.

चित्रातली जागा किती सरकते? अंतराला विमानाच्या वेगाने भागा आणि त्रिज्य वेगाने गुणा. आपल्या संचात सेकंदाला १ मीटर वेगाला १०० मीटर. ताशी ३.६ किलोमीटर इतक्या रेंगाळत्या चालीने गाडी रस्त्यापासून १०० मीटर लांब जाऊन बसते. रडारकडे येणारी गाडी उड्डाणाच्या दिशेने पुढे सरकते, दूर जाणारी मागे.

उड्डाणाच्या दिशेतला वेग जागा हलवत नाही, तो चित्र फासतो. सेकंदाला १० मीटर वेगाने विमानाला समांतर जाणारी गाडी ३ सेकंदांच्या चित्रात सुमारे ६० मीटर लांब फासली जाते. तिची ऊर्जा इतकी पातळ होते की आजूबाजूच्या क्लटरमधून ती वर येत नाही.

दुसरी पायरी: उड्डाणाची रेषा

मुंबई उत्तर-दक्षिण लांब आहे. वेस्टर्न आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, एस. व्ही. रोड, एलबीएस मार्ग, चर्चगेट-विरार रेल्वे, सगळे बहुतांशी त्याच दिशेने धावतात. नकाशा पाहून कुणालाही वाटेल की विमान समुद्रावरून किनाऱ्याला समांतर न्यावे आणि पूर्वेकडे बघावे. एका फेरीत सगळे शहर झोतात येईल. चित्रासाठी ही रेषा उत्तम आहे, पण चालत्या गाड्यांसाठी तीच सर्वांत वाईट. मुख्य रहदारी विमानाला समांतर, म्हणजे त्रिज्य वेग जवळपास शून्य. दिसतील ते फक्त जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडसारखे आडवे रस्ते आणि शिवडीहून न्हावा-शेवाकडे जाणारा अटल सेतू.

म्हणून सरावासाठी रेषा ४५ अंश तिरकी घ्या. मग उभे आणि आडवे दोन्ही रस्ते वेगाचा सुमारे ७१ टक्के भाग त्रिज्य दिशेला देतात. उंची ३ आणि अंतर १० किलोमीटर असल्याने झोत जमिनीला १७.५ अंशांत भिडतो, त्याचा गुणक ०.९५. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचा त्रिज्य वेग सेकंदाला ७.५ मीटर येतो. हा हिशेब प्रत्येक रस्त्यासाठी आधी करून ठेवा. नाहीतर गाडी का दिसली नाही याचे कारण तुम्ही कोडमध्ये शोधत बसाल आणि ते असेल भूमितीत.

सावलीचाही हिशेब इथेच करायचा. १७.५ अंशांच्या झोतात ६० मीटर उंच इमारतीची रडार-सावली १९० मीटर लांब पडते. लोअर परळ किंवा दादरच्या टॉवरमधल्या गल्ल्या अशा रेषेवरून दिसतच नाहीत, तिथे कोणताही अल्गोरिदम काही करू शकत नाही. पहिल्या सरावाला मोकळी जागा निवडा: अटल सेतू, ठाणे खाडीच्या काठचे मिठागरांचे पट्टे, नवी मुंबईतला पाम बीच रोड.

खाडीवरच्या पुलाची एक खोड लक्षात ठेवा. पाण्यावरून एकदा, दोनदा उसळून आलेले प्रतिध्वनी उशिरा पोचतात, त्यामुळे एकच पूल दोन-तीन समांतर रेषांसारखा दिसतो. त्या जादा रेषा स्थिर आहेत, पण गाडीचेही असे प्रतिबिंब उमटते आणि तिची मोजणी दुप्पट होते.

तिसरी पायरी: खोटा डेटा, पण खरी अंतरे

जमिनीचा एक तुकडा घ्या: रेंजमध्ये ५०० मीटर, उड्डाणाच्या दिशेने ४०० मीटर. त्यात दर काही मीटरवर एक बिंदू ठेवा आणि प्रत्येकाला यादृच्छिक फेज व ताकद द्या. काही बिंदू खूप तेजस्वी करा. इमारतींचे कोपरे असेच चमकतात. गाडीचे रडार-क्षेत्रफळ, म्हणजे ती रडारला किती मोठी दिसते ते, साधारण १० चौरस मीटर धरा, ट्रकचे त्याहून जास्त. कोन बदलला की हा आकडा मोठ्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो ठाम मानू नका.

प्रत्येक पल्ससाठी प्रत्येक बिंदूचे अंतर मोजा: पाठवणाऱ्या केंद्रापासून बिंदूपर्यंत, आणि बिंदूपासून त्या-त्या चॅनेलच्या केंद्रापर्यंत. हे अंतर अंदाजे सूत्राने काढू नका, वर्गमूळ घेऊनच काढा. तरंगलांबी ३ सेंटिमीटर असताना जाऊन-येऊन ३ मिलिमीटरची चूक म्हणजे ३६ अंशांची फेज-चूक. त्याच कारणाने ६४ बिटांच्या दशांश संख्याच वापरा. १० किलोमीटरच्या अंतराची फेज ३२ बिटांत नीट मावत नाही.

शेवटी दोन्ही चॅनेलांत स्वतंत्र नॉइज मिसळा. क्लटर नॉइजपेक्षा ३० डेसिबल वर ठेवलात तर पुढचे परिणाम स्पष्ट दिसतात.

चौथी पायरी: रेंज-डॉपलर नकाशा

पूर्ण ३ सेकंदांचे चित्र बनवायचा मोह टाळा. सेकंदाला १० मीटर जाणारी गाडी तेवढ्या वेळात रेंजच्या एकेका मीटरच्या ३० खान्यांतून जाते. १२८ पल्सचा गठ्ठा घ्या, म्हणजे १०७ मिलिसेकंद. गाडी तेवढ्यात साधारण एकच खाना सरकते, आणि डॉपलरचा बारकावा ९.४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४ सेंटिमीटर वेग, इतका मिळतो.

रेंज कॉम्प्रेशन (लांब प्रतिध्वनी रेंजमध्ये आवळून बारीक करणे) झाल्यावर पल्सच्या दिशेने विंडो, म्हणजे गठ्ठ्याच्या दोन्ही टोकांकडे उतरत जाणारे वजन, लावा आणि मग फूरिये रूपांतर करा. विंडो न लावणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक. विंडोशिवाय पहिला साइडलोब, म्हणजे मुख्य शिखराशेजारचे खोटे शिखर, फक्त १३ डेसिबल खाली असतो, आणि एका तेजस्वी इमारतीचा क्लटर सगळ्या डॉपलरवर सांडतो. हॅमिंग विंडो तो सुमारे ४३ डेसिबल खाली दाबते. बदल्यात मुख्य शिखर थोडे रुंद होते, ते चालेल.

आता नकाशात मधोमध क्लटरचा जाड पट्टा दिसेल आणि दोन्ही बाजूंना स्वच्छ जागा. पट्ट्याबाहेर पडलेल्या जलद गाड्या इथेच दिसतात. इथे दोन सापळे आहेत.

पहिला सापळा दुमडण्याचा. १२०० पीआरएफला डॉपलर उणे ६०० ते अधिक ६०० हर्ट्झ इतकाच ओळखता येतो, म्हणजे वेग सेकंदाला ९ मीटरपर्यंत. १० मीटर वेगाची गाडी ६६७ हर्ट्झऐवजी उणे ५३३ हर्ट्झवर दिसते. येणारी गाडी जाणारी वाटते. आणि सेकंदाला १८ मीटर, ताशी सुमारे ६५ किलोमीटर, त्रिज्य वेगाची गाडी थेट शून्यावर येऊन क्लटरमध्ये लपते. हा अंध वेग. उपाय म्हणजे लागोपाठच्या गठ्ठ्यांत पीआरएफ बदलणे, उदाहरणार्थ एकदा १२००, एकदा १४००. खरा वेग तोच, जो दोन्हींत जुळतो.

दुसरा सापळा वाऱ्याचा. आडव्या वाऱ्यात विमानाचे नाक मार्गापासून वळलेले असते. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा जोरात असताना किनाऱ्यालगत हे ठरलेलेच. ३ अंशांच्या वळणाने क्लटरचा मध्य ३४९ हर्ट्झ सरकतो. ६ अंशांना तो ६०० ओलांडून दुमडतो. म्हणून क्लटरचा मध्य शून्यावर आहे असे कधीही धरू नका. प्रत्येक गठ्ठ्यात तो डेटावरून मोजा आणि विमानाच्या दिशादर्शक नोंदीशी ताडून पाहा.

पाचवी पायरी: दोन चॅनेल जुळवणे आणि वजा करणे

मंद गाड्यांसाठी क्लटर पुसावा लागतो. पद्धतीचे नाव डीपीसीए, आणि कल्पना सरळ आहे: मागचा चॅनेल काही क्षणांनी नेमका तिथे येतो जिथे पुढचा चॅनेल आधी होता. एकाच जागेवरून, वेगवेगळ्या वेळी घेतलेले दोन प्रतिध्वनी वजा केले की स्थिर जमीन शून्य होते आणि हललेले मागे उरते.

आपल्या अँटेनाच्या दोन अर्ध्या भागांची केंद्रे अर्धा मीटर अंतरावर आहेत. पण पाठवणारे केंद्र दोघांचे एकच असल्याने परिणामी अंतर त्याच्या निम्मे, २५ सेंटिमीटर. विमान ते २.५ मिलिसेकंदांत कापते, आणि १२०० पीआरएफला ते बरोबर ३ पल्स होतात. म्हणजे पुढच्या चॅनेलची पहिली पल्स आणि मागच्या चॅनेलची चौथी पल्स यांची जोडी. पीआरएफ १२०० घेण्याचे कारण हेच होते.

वजाबाकीआधी चॅनेल जुळवणे हा या कामाचा कणा आहे, इथे घाई करू नका. दोन चॅनेलांत ५ अंशांची फेज-चूक राहिली तर क्लटर फक्त २१ डेसिबल दबतो. १ अंशावर आणलीत तर ३५. ताकदीत अर्ध्या डेसिबलचा फरक असेल तर २५ डेसिबलच्या आसपास थांबावे लागते. जुळवणी डेटावरूनच करा: क्लटरच्या पट्ट्यातल्या प्रत्येक डॉपलर खान्यात दोन्ही चॅनेलांचे सरासरी गुणोत्तर काढा आणि त्याने एक चॅनेल दुरुस्त करा. सरासरी काढताना सर्वांत तेजस्वी काही खाने वगळा, नाहीतर एखादी गाडीच जुळवणीत शिरते आणि स्वतःलाच पुसून टाकते.

वेग १०० ऐवजी १०५ झाला तर लागणारा वेळ २.३८ मिलिसेकंद होतो आणि पल्सच्या पूर्णांकाशी जुळत नाही. क्लटरच्या कडेला यामुळे ४ अंशांहून थोडी जास्त चूक येते. अशा वेळी डॉपलर क्षेत्रात फेजचा सरळ उतार गुणून अपूर्णांकाइतके सरकवता येते.

तपासणीचा क्रम असा ठेवा. आधी एकही गाडी नसलेला डेटा घ्या. वजाबाकीनंतर फक्त नॉइज उरला पाहिजे, आधीपेक्षा ३ डेसिबल जास्त, कारण दोन स्वतंत्र नॉइज एकमेकांत मिसळले. क्लटर उरलाच, तर बहुतेक वेळा पुढचा आणि मागचा चॅनेल उलटे धरलेले असतात. हे पार झाल्यावरच गाडी घाला.

डीपीसीएचेही स्वतःचे अंध वेग आहेत. आपल्या संचात सेकंदाला ६ मीटर आणि त्याच्या पटी: ताशी २१.६ किलोमीटर. मुंबईच्या संध्याकाळच्या रहदारीत हा वेग अगदी नेहमीचा. पण ६ मीटरचा डॉपलर ४०० हर्ट्झ, म्हणजे क्लटरच्या पट्ट्याच्या बाहेर. तिथे वजाबाकीची गरजच नव्हती. म्हणून वजा केलेला नकाशा फक्त पट्ट्यात आणि त्याच्या कडेला वापरा, बाकी ठिकाणी मूळ नकाशा. सगळीकडे डोळे झाकून डीपीसीए लावणारे चांगल्या गाड्या स्वतःच पुसतात.

सहावी पायरी: उंबरठा

सीफार म्हणजे आजूबाजूच्या खान्यांची सरासरी घेऊन त्यावर उंबरठा ठरवणे. ३२ खाने, मध्ये दोन-तीन राखीव खाने, आणि खोट्या इशाऱ्याची शक्यता दहा लाखांत १, असे धरले तर उंबरठा सरासरीच्या १७.३ पट, म्हणजे १२.४ डेसिबल येतो. २००० रेंज-खाने आणि १२८ डॉपलर-खाने असतील तर दर चार गठ्ठ्यांमागे एक खोटा इशारा मिळेल. पाचपैकी तीन गठ्ठ्यांत दिसलेलेच खरे माना.

शहरात हे सूत्र पुरत नाही. इमारतींचा क्लटर नॉइजसारखा गुळगुळीत नसतो, त्याची शिखरे फार उंच जातात. खाडी आणि वस्ती यांच्या कडेवर तर सरासरीच फसते: अर्धे खाने पाण्याचे, अर्धे काँक्रीटचे. तिथे सरासरीऐवजी क्रमवार लावलेल्या मूल्यांमधले, साधारण तीन-चतुर्थांश स्थानावरचे मूल्य घ्या. समुद्राचा स्वतःचाही डॉपलर असतो, वाऱ्यात झाडेही हलतात, आणि पावसाच्या सरी वाऱ्याच्या वेगाने सरकतात. जून ते सप्टेंबरच्या डेटाला कोरड्या महिन्यांचा उंबरठा लावू नका.

सातवी पायरी: गाडी रस्त्यावर परत आणणे

आता मूळ गाठ सुटते. डॉपलर सांगतो वेग आणि दिशा यांची बेरीज. एकाच क्षणी घेतलेल्या दोन चॅनेलांतला फेज-फरक सांगतो फक्त दिशा. दिशा वजा केली की वेग उरतो.

वेळ जुळवून घेतलेल्या चॅनेलांत स्थिर जमिनीचा फेज-फरक शून्य येतो आणि चालत्या गाडीचा सेकंदाला १ मीटरमागे ६० अंश. तो ३६० अंशांनी फिरतो, म्हणून ६ मीटरची संदिग्धता राहते: ७.५ मीटर वेगाची गाडी १.५ मीटरची वाटते. ती डॉपलरवरून सोडवा. झोत अरुंद असल्याने डॉपलर एकटाच वेगाचा अंदाज दीड मीटरच्या आत देतो.

अचूकता किती? सिग्नल नॉइजपेक्षा १३ डेसिबल वर असेल तर फेजमधली चूक सुमारे १३ अंश आणि १० किलोमीटरवर जागेतली चूक सुमारे २१ मीटर. रस्ता ओळखायला पुरेशी, लेन ओळखायला नाही. गाडी रस्त्याच्या नकाशाला चिकटवून मांडायला हरकत नाही, पण चिकटवण्याआधीचा आकडाही जपून ठेवा. सगळ्या गाड्या एकाच बाजूला २०-३० मीटर सरकलेल्या दिसल्या तर तो योगायोग नसतो, चॅनेलांच्या फेजमध्ये कायमची चूक उरलेली असते.

खऱ्या डेटावर

युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचा डेटा मोफत मिळतो, आणि सरकणे डोळ्यांनी पाहायला तो उत्तम आहे. मुंबई बंदराच्या मार्गावरची जहाजे पाहा. १० नॉट वेगाने रेंजच्या दिशेने जाणारे जहाज, ३८ अंशांच्या आपात कोनात (झोत आणि जमिनीवरची उभी रेषा यांतला कोन), साधारण ३५० मीटर सरकते. मागची लाट दिसत असेल तर जहाज लाटेच्या टोकावर नसून बाजूला असते. त्या अंतरावरून वेग काढा. हा उपग्रह जवळपास उत्तर-दक्षिण जात असल्याने पश्चिम रेल्वेच्या गाड्या फारशा सरकत नाहीत, वाशीच्या पुलावरची गाडी मात्र खाडीत जाऊ शकते. अनेक चॅनेलांचा विमानी डेटा हवा असेल तर अमेरिकी वायुदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने ‘गोत्चा’ नावाने प्रसिद्ध केलेला संच शोधा.

स्वतः उड्डाण करायचे ठरवाल तर रडारच्या प्रक्षेपणाला डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारची रेडिओ-लहरींचे परवाने देणारी शाखा) आणि उड्डाणाला डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) नियमांनुसार परवानगी लागते. विमानतळ शहराच्या मध्यात असल्याने मुंबईत ही अट हलकी घेऊ नका. पडताळणीसाठी एका गाडीत जीपीएस नोंद ठेवा, निदान सेकंदाला एक. नोंदीतली वेळ कोणती ते तपासा: भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, आणि जीपीएसची स्वतःची वेळ २०१७ पासून जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. हे १८ सेकंद विसरलात तर सेकंदाला १० मीटर जाणारी गाडी १८० मीटर चुकीच्या जागी धरली जाईल आणि दोष रडारवर येईल.